गिरणीतली गाणारी आई : एला मे

आपल्याकडे स्मरणिका निघाली की शाहिरांवर एक लेख असतोच. भीमराव कर्डकांचा जलसा, अण्णाभाऊंचा पोवाडा आणि वामनदादांचे गाणे यांच्यावाचून आपल्या चळवळीचा इतिहास पुरा होत नाही. पण या खेपेला आम्ही वाचकांना जरा लांब, सातासमुद्रापलीकडे नेणार आहोत. अमेरिकेतल्या एका सूतगिरणीत राबणारी, नऊ लेकरांना जन्म दिलेली, स्वतः गाणी रचून कामगारांच्या सभेत गाणारी आणि त्यापायी गोळी खाऊन मेलेली एक बाई होऊन गेली. तिचे नाव एला मे विगिन्स. साल १९२९.

कुणी विचारील, बौद्ध विहाराच्या स्मरणिकेत अमेरिकेतल्या गोऱ्या बाईचे काय काम? प्रश्न रास्त आहे. त्याचे पुरे उत्तर लेखाच्या ओघात येईल. तूर्त एवढेच सांगतो. गोऱ्या कामगारांच्या युनियनमध्ये काळ्या कामगाराला बरोबरीची जागा मिळाली पाहिजे, असा या गोऱ्या बाईचा आग्रह होता. आणि नेमक्या त्याच काळात इकडे मुंबईत बाबासाहेब आमच्या बापजाद्यांसाठी गिरणीच्या साळखात्याचे बंद दार ठोठावत होते. दोन देश, दोन भाषा, पण धागा एकच. आम्ही गिरणीत रिंग खात्यात घाम गाळलेली माणसे. आमची शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयात नि विहाराच्या पायरीवर झाले. तुटलेली तार जोडणे हेच आमचे काम. म्हणून हा धागाही जोडून दाखवावासा वाटला.

डोंगरातून गिरणीत

एला मेचा जन्म १९०० सालचा, टेनेसी राज्यातल्या डोंगराळ मुलखातला. बाप जंगलतोडीच्या कामावर. आज या रानात तर उद्या त्या रानात, जिथे झाडे पाडायची तिथे बिऱ्हाड. लाकूडतोड्यांचे कपडे धुऊन मायलेकी संसाराला हातभार लावीत. आपल्याकडच्या ऊसतोड कामगारांची पाले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे जगणे वेगळे सांगायला नको. त्या तळांवर रात्री गाणी चालत. डोंगरी लोकांची जुनी कथागीते पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत आलेली. पोरीचा आवाज चांगला, कान तयार. कागदावर न लिहिलेले हे धन तिला आपसूक मिळाले.

कोवळ्या वयात लग्न झाले. बाप जंगलातल्या अपघातात गेला, पुढे आईही गेली. नवऱ्याने काही वर्षांनी साथ सोडली. लेकरे पदरात घेऊन ती नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या गॅस्टन जिल्ह्यात राहिली आणि पुन्हा आपले माहेरचे नाव लावू लागली. हा सगळा मुलूख सूतगिरण्यांचा. डोंगरात शेती पिकेना, तेव्हा गिरणीवाल्यांची माणसे गावोगाव हिंडून कामगार गोळा करीत. कोकणातून आणि घाटावरून आपली माणसे गिरणगावात आली, तीही काही हौसेने आली नव्हती. पोटाने ओढून आणली.

तिथल्या गिरण्यांची रीत मात्र मुंबईपेक्षाही जाचक होती. राहायचे घर मालकाचे, किराणा दुकान मालकाचे, आणि चर्चमधल्या पाद्र्याच्या पगारालाही मालकाचाच टेकू. कामगाराने तोंड उघडले की नोकरीबरोबर डोक्यावरचे छप्परही जायचे. माणूस गुलाम आहे हे त्याला कळू नये, अशी सगळी व्यवस्था होती.

एला मे बेसेमर सिटी या लहानशा शहरातल्या ‘अमेरिकन मिल नंबर २’ मध्ये सूतकताईच्या खात्यात लागली. बारा बारा तास काम आणि आठवड्याची मजुरी सुमारे ९ डॉलर. त्यात सहा-सात तोंडे जगवायची. ती गिरणीच्या चाळीत राहिली नाही. गावाबाहेर स्टंपटाऊन नावाची काळ्या लोकांची वस्ती होती, तिथे तिने घर केले. त्या काळच्या अमेरिकेच्या दक्षिण भागात ही साधी गोष्ट नव्हती. काळ्यांचे डबे वेगळे, शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे. गोरे आणि काळे यांच्यामध्ये आपल्या गावकुसासारखी भिंत होती. त्या भिंतीच्या पलीकडे, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर म्हारवाड्यात, ही गोरी बाई नांदत होती. ती रात्री गिरणीत गेली की शेजारच्या काळ्या बाया तिच्या लेकरांवर नजर ठेवीत. समता तिने पुस्तकात वाचली नव्हती. शेजारणीच्या चुलीपाशी ती शिकली.

तिला नऊ मुले झाली, त्यांतली चार दगावली. पोरांना डांग्या खोकला झाला होता. त्यांना सांभाळता यावे म्हणून आपल्याला दिवसपाळी द्या, अशी विनवणी तिने वरच्या साहेबाला केली. साहेबाने नकार दिला. तिने काम सोडले. मग औषधाला पैसा उरला नाही, आणि लेकरे गेली. ही हकीगत ती पुढे सभांतून स्वतः सांगत असे. ज्याने आयुष्यात रात्रपाळी केली आहे आणि घरी आजारी लेकरू ठेवून भोंग्याला हजर झाला आहे, त्याला हे वाचताना पुढे जाववत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्याच सुमारास, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. आईच्या विसाव्याचा भार सरकारने आणि मालकाने उचलावा, हा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. एला मेच्या मुलखात तिच्यासारखीच्या बाजूने कायदेमंडळात बोलायला असा कोणी उभा राहिला नाही.

एकाला दोघांचे काम

आता संपाकडे वळू. बेसेमर सिटीपासून काही मैलांवर गॅस्टोनिया शहर. तिथे लोरे नावाची अवाढव्य गिरणी होती. मालक दूर उत्तरेतले, मॅनव्हिल-जेन्क्स कंपनी. या कंपनीने खर्च कमी करण्यासाठी एक युक्ती काढली. माणसे कमी करायची आणि उरलेल्यांच्या अंगावर जादा यंत्रे टाकायची. जिथे सुमारे साडेतीन हजार कामगार होते तिथे सुमारे २,२०० उरले. काम दुप्पट, मजुरी मात्र कमी. कामगार याला ‘स्ट्रेच-आउट’ म्हणत. म्हणजे रबर ताणावे तसे माणसाला ताणायचे.

हे वाचून मुंबईकराला काय आठवावे? १९२८ चा सार्वत्रिक संप! दोन सांच्यांच्या जागी तीन साचे, एका साइडच्या जागी दोन साइडी, हाच तर तेव्हाच्या मुंबईच्या मालकांचा हिशेब होता. त्याविरुद्ध सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने घरी बसले. मालकाची जात जगभर एक असते. त्याचा नफा कुठल्याही धर्मग्रंथावाचून एकच भाषा बोलतो.

१ एप्रिल १९२९ रोजी लोरे गिरणीत संप सुरू झाला. पुढारीपण डाव्या विचाराच्या ‘नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियन’चे होते आणि संघटक फ्रेड बील. मागण्या साध्याच होत्या : आठवड्याला किमान २० डॉलर मजुरी, ४० तासांचा आठवडा, स्ट्रेच-आउट बंद आणि युनियनला मान्यता. उत्तरादाखल राज्याच्या गव्हर्नरने लष्करी शिपाई धाडले. हे गव्हर्नर स्वतः गिरणीमालक होते, हे वेगळे सांगायला नको. १८ एप्रिलच्या रात्री तोंडे झाकलेल्या जमावाने युनियनची कचेरी मोडून टाकली. मे महिन्यात संपकऱ्यांना कंपनीच्या घरांतून बाहेर काढण्यात आले. बायापोरे उघड्यावर आली. मग युनियनने तंबू ठोकले आणि तिथेच संसार मांडले गेले.

हे वारे बेसेमर सिटीला पोचले तशी एला मे युनियनमध्ये आली. तिला लिहिता-वाचता येत होते, म्हणून शाखेचा हिशेब तिच्याकडे आला. मे महिन्यात संपकऱ्यांचे एक शिष्टमंडळ राजधानी वॉशिंग्टनला गेले, त्यातही ती होती. तिथे त्यांच्या राज्याचे सिनेटर ओव्हरमन यांच्याशी गाठ पडली. या वयाच्या पोरांनी शाळेत असायला हवे, असे साहेब म्हणाले. त्यावर एला मे उसळली. अंगावर धड कपडे घालायला पैसे पुरत नाहीत तर मुलांना शाळेत कशी पाठवू, असा तिने थेट सवाल केला. सिनेटरसाहेबांना अशा भाषेची सवय नसावी.

तिचे गाणे

पण एला मे लोकांच्या ध्यानात राहिली ती गाण्यामुळे. संपाच्या सभेत भाषणे व्हायची. पुढारी शिकलेले, बाहेरगावचे, त्यांची भाषा जड. मग लोक म्हणत, एला मे, तू गा. ती उभी राहायची आणि खणखणीत आवाजात गायची. चाल जुनीच, डोंगरातली, सगळ्यांच्या ओठांवरची. शब्द मात्र तिचे, आदल्या आठवड्यात घडलेल्या गोष्टींचे. कोणाला अटक झाली, कोणत्या घराला टाळे लागले, लठ्ठ मालक काय म्हणाला, तुरुंगाभोवती काय घडले, हे सगळे गाण्यात यायचे.

तिचे सर्वांत गाजलेले गाणे गिरणीतल्या आईच्या विलापाचे आहे. त्यात क्रांतीच्या मोठमोठ्या आरोळ्या नाहीत. लेकरांना घरी टाकून कामाला जाणारी आई आहे आणि महिन्याचा हिशेब न जुळणारा संसार आहे. ऐकणाऱ्या बाया मुसमुसून रडत, आणि रडून झाल्यावर युनियनमध्ये नाव घालीत. आमच्या मते याचे कारण सरळ आहे. तिने दुसऱ्याचे दुःख उसने आणले नव्हते. चार लेकरे मातीआड केलेली आई गात होती.

जुन्या चालीवर नवे शब्द बसवणे म्हणजे उसनवारी, असे शहाणी माणसे म्हणतात. त्यांनी आपला इतिहास पाहावा. सत्यशोधकांनी तमाशाचा घाट घेतला, गण-गौळण बाजूला सारली आणि जलसा उभा केला. आंबेडकरी जलशांनी तीच वाट पुढे नेली. आपल्या दहा सभांचे काम जलशाचा एक कार्यक्रम करतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार आपल्याकडे आजही सांगितले जातात. वामनदादा कर्डक १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, मुंबईत गिरणीत राबले, मोठेपणी अक्षरे गिरवली आणि १९४३ साली पहिले गाणे रचले तेही एका हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर. अडाणी ठेवलेल्या माणसापर्यंत पोचायचे तर त्याच्या ओठांवरची चालच कामी येते. चाल ओळखीची असली की नवा विचार परका वाटत नाही. एला मेला हे कोणी शिकवले नव्हते, आणि वामनदादांनाही नाही.

दोरीच्या पलीकडे

आता लेखाच्या गाभ्याकडे येतो. दक्षिणेतल्या सूतगिरण्यांत काळ्या माणसाला यंत्रावर सहसा उभे करीत नसत. कापसाच्या गासड्या फोडणे, झाडलोट, ओझी वाहणे, अंगणातली कामे एवढेच त्याच्या वाट्याला. शेजारच्या साउथ कॅरोलिना राज्याने तर १९१५ साली कायदाच केला, की कापड गिरणीत गोरे आणि काळे एका खोलीत काम करणार नाहीत. मालकांचा यात दुहेरी फायदा होता. काळ्याला कमी मजुरी द्यायची, आणि गोऱ्याने पगार मागितला की काळ्याचा धाक घालायचा.

युनियनच्या कागदावर समता होती. पण कागदावरची समता सभेच्या जागी आली की कामगारच बिचकायचे. एका सभेत काळ्या कामगारांना दोरी बांधून पलीकडे बसवले होते, तेव्हा एला मे ती दोरी ओलांडून त्यांच्यात जाऊन बसली, अशी आठवण सांगितली जाते. तिच्या गिरणीत काळे कामगार होते, तिच्या वस्तीत काळे शेजारी होते. त्यांना वगळून कसला संप? ती घरोघर जाऊन काळ्या कामगारांना युनियनमध्ये आणू लागली. बेसेमर सिटीच्या शाखेत या प्रश्नावर मतदान झाले आणि काळ्यांना सभासद करून घ्यायचे ठरले. बहुमत थोडक्याच मतांचे होते, पण ते मिळाले. यात तिचा वाटा मोठा होता.

मुंबईत काय होते? रिंग खात्यात अस्पृश्य चालत असे. साळखात्यात, म्हणजे विणकामाला, मात्र मज्जाव. मजुरी तिथेच जास्त. कारण काय सांगत? धोट्यात नवी कांडी घातली की तिचा धागा तोंडाने ओढून बाहेर काढावा लागतो. अस्पृश्याच्या ओठांना लागलेल्या धोट्याला सवर्णाने ओठ कसे लावायचे? मालकाने नव्हे, बरोबरीच्या कामगाराने हे दार लावून घेतले होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि संपाच्या मागण्यांत हीही मागणी आली पाहिजे असा आग्रह धरला. ती घेतली गेली, पण नाखुशीने. साळखात्याचे दार काही तेवढ्याने उघडले नाही. १९२९ मध्ये पुन्हा संप पुकारला गेला तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. आदल्या वर्षीच्या सहा महिन्यांच्या संपाने कामगार कर्जात बुडाले होते, आणि त्यांतही सर्वांत खाली होता तो आपला माणूस.

यावरून बाबासाहेब कामगारविरोधी होते असे म्हणणारे तेव्हाही होते. त्यांना इतिहासाने उत्तर दिले. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारविरोधी विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा खांद्याला खांदा लावून संपात उतरले. पुढे मजूरमंत्री असताना १९४६ साली आठवड्याचे ४८ तास करणारी दुरुस्ती कायद्यात आली. बाबासाहेबांचे म्हणणे एवढेच होते, की कामगारांत उतरंड ठेवून कामगारांची एकी होत नाही. एला मेने दोरी ओलांडली ती याच कारणाने. फरक एवढा, की तिकडे दोरी ओलांडायला वरच्या बाजूची बाई आली. इकडे वरच्या बाजूचे फार थोडे आले.

या दोन लढ्यांची ओळख पुढे पत्रानेही झाली. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या अर्जाची त्यांनी विचारणा केली होती. दोरीच्या पलीकडच्या माणसांनी एकमेकांना ओळखले होते.

१४ सप्टेंबर १९२९

७ जून १९२९ च्या रात्री पोलीस संपकऱ्यांच्या तंबूंवर आले. झटापटीत गोळ्या सुटल्या आणि पोलीसप्रमुख अॅडरहोल्ट मारले गेले. मग धरपकड झाली आणि १६ जणांवर खुनाचा खटला उभा राहिला. शार्लट शहरात तो चालू असताना सरकारी बाजूने मृत प्रमुखाचा पुतळा, त्याच्या रक्ताळलेल्या गणवेशासह, कोर्टात आणला. तो पाहून एका ज्युरीचे डोके फिरले. ९ सप्टेंबरला खटला मोडला, तो पुन्हा चालवावा लागणार होता. गिरणीवाल्यांच्या टोळ्या यावर चवताळल्या आणि युनियनची माणसे शोधत फिरू लागल्या.

१४ सप्टेंबरला दक्षिण गॅस्टोनियात युनियनची सभा होती. एला मे आणि तिचे वीसेक साथी एका उघड्या ट्रकमधून निघाले. कोणाकडे हत्यार नव्हते. वाटेत जमावाने त्यांना परत फिरवले. ते मुकाट परतले तरी मोटारींनी पाठलाग केला. एक मोटार पुढे येऊन आडवी झाली, ट्रक तिच्यावर आदळला आणि गोळ्या सुटल्या. एला मेच्या छातीत गोळी लागली. दिवसाढवळ्या, भर रस्त्यात, ती तिथेच गेली. तिशीसुद्धा गाठली नव्हती.

बेसेमर सिटीच्या स्मशानात तिला पुरले तेव्हा कडेला तिची पाच लेकरे उभी होती. तिच्याच आईच्या विलापाचे गाणे तिथे गायले गेले. लेकरे पुढे अनाथाश्रमात गेली.

आता न्यायाचे पाहा. पोलीसप्रमुखाच्या मृत्यूबद्दल ऑक्टोबर १९२९ मध्ये युनियनच्या सात जणांना दोषी ठरवून लांबलचक सजा झाल्या. एला मेच्या खुनाबद्दल लोरे गिरणीच्या पाच माणसांवर खटला झाला. डोळ्यांनी पाहणारे साक्षीदार कितीतरी होते. मार्च १९३० मध्ये ज्युरींनी अर्ध्या तासाच्या आत सगळ्यांना सोडून दिले. त्याच महिन्यात, २ मार्चला, नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात आपला सत्याग्रह सुरू झाला होता. न्यायाचे दार तिकडेही बंद आणि इकडेही. आणि ही काही फार जुनी गोष्ट आहे असे मानू नये. तमिळनाडूत कीळवेण्मणी गावी २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरी वाढवून मागणाऱ्या ४४ दलितांना, बहुतेक बायका आणि मुलांना, झोपडीत कोंडून जाळले. जमीनदार हायकोर्टात सुटले.

एला मेला का मारले? ती फार मोठी पुढारी नव्हती. पण गाण्याने माणसे जोडणारी होती, आणि काळ्या-गोऱ्यांना एका सभेत बसवणारी होती. मालकाला भाषणाचे भय कमी असते, भाषण सभेबरोबर संपते. गाणे मात्र कामगाराबरोबर घरी जाते आणि सकाळी साच्यावर परत येते.

मेल्यावर काय उरले

संप हरला. पण गाणी मेली नाहीत. मार्गारेट लार्किन नावाच्या लेखिकेने एला मेची गाणी गोळा केली आणि १९२९ च्या अखेरीस ती नियतकालिकांत छापून आणली. पुढे वुडी गथ्री या अमेरिकेच्या थोर लोकशाहिराने तिला मानाचे स्थान दिले. पीट सीगरने १९५० च्या दशकात तिचे गाणे तबकडीवर गायले. लार्किनबाईंनी ते चार कागद जपून ठेवले नसते, तर आज आम्हाला एला मेचे नावही ठाऊक नसते.

कबरीवर दगड बसायला मात्र १९७९ साल उजाडावे लागले, म्हणजे ५० वर्षे. लोरे गिरणी १९३५ साली फायरस्टोन या टायर कंपनीने घेतली. १९९३ साली तिथले काम बंद झाले. पुढे त्या इमारतीची डागडुजी होऊन राहण्याचे आलिशान फ्लॅट झाले. परळ-लालबागच्या वाचकांना यापुढे काही सांगण्याची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर आपल्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले, तिथे रखवालदार म्हणून कुणाची मुले उभी आहेत तेही आपण पाहतो. गिरणी गेली की इमारत उरते, जमिनीचा भाव उरतो. राबणाऱ्याचे नाव तेवढे पुसले जाते. ते नाव राखायला गाणे लागते, आणि गाणे राखायला कोणीतरी कागद घेऊन बसावे लागते.

म्हणून बंधू-भगिनींनो, आमचे या लेखातून एक मागणे आहे. आपल्या शाहिरांची नावे आपण घेतो. ती सगळी बहुतेक पुरुषांची. पण आपल्या आयाबायांनी काय कमी गाणी रचली? जात्यावर बसून, बारशाला, लग्नात हळदीच्या रात्री, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी मंडप घालताना, त्यांनी भीमाच्या आणि रमाईच्या ओव्या गायल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव फिरून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. पण आपल्या वस्तीत कोण फिरले? आपल्या चाळीतल्या म्हाताऱ्या आज ऐंशीच्या पुढे आहेत. दर पावसाळ्यात एखादी जाते, आणि तिच्याबरोबर वहीत न उतरलेली शंभर गाणी जातात.

आज प्रत्येक पोराच्या खिशात फोन आहे, आवाज धरून ठेवायची सोय आहे. विहाराच्या महिला मंडळाने आणि तरुणांनी पौर्णिमेच्या वंदनेनंतर एकेका आजीला बसवावे आणि गायला सांगावे. गाणे कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या चालीवर, कोणत्या साली कोणत्या प्रसंगी रचले, एवढे चार शब्द शेजारी लिहून ठेवावे. चुकीचे शब्द ‘सुधारू’ नयेत. जशी गातील तशी उतरावीत. विहारात एक कपाट रिकामे करून या वह्या तिथे ठेवाव्यात, म्हणजे वस्तीतल्या कोणालाही त्या कधीही वाचता येतील.

दुसरे मागणे जरा कठीण आहे. आपल्यातही दोऱ्या आहेत. लग्न जुळवताना त्या दिसतात. शेजारच्या वस्तीतल्या मातंग बांधवाला, परप्रांतातून आलेल्या मजुराला, सफाई कामगाराला आपण सभेला बोलावतो का? बोलावले तर कुठे बसवतो? दोरीच्या पलीकडे राहिलेला माणूसच दोरीची किंमत जाणतो. तो स्वतः नवी दोरी बांधू लागला, तर ज्यांनी पिढ्यान्पिढ्या आपल्याला पलीकडे बसवले त्यांना आपण काय तोंडाने बोलणार?

अमेरिकेतल्या त्या डोंगरी बाईने बाबासाहेबांचे नाव ऐकले नव्हते. बुद्धाचेही ऐकले असेल की नाही कोण जाणे. पण काळ्या शेजारणीच्या भरवशावर लेकरे टाकून ती रात्रपाळीला जात होती, आणि त्या शेजारणीला सोडून मिळणारा न्याय तिला नको होता. करुणा आणि मैत्री हे शब्द आपण विहारात रोज म्हणतो. ते गिरणीच्या दारात, सभेच्या जागी आणि रस्त्यावर कसे जगायचे, हे एला मे विगिन्सने दाखवून दिले. तिच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.

जयभीम.